आयडी बंद होण्याआधी युनियन गाठा

हैदराबादेत मोटारसायकलवरून जेवण पोहोचवणाऱ्या, भाड्याची टॅक्सी चालवणाऱ्या, इस्पितळात किंवा सोसायटीत ठेक्यावर झाडूपोछा करणाऱ्या माणसाला युनियन आठवते ती संकट आल्यावर. सकाळी ॲप उघडले आणि लॉगिन होईना. गुत्तेदाराने महिन्याचा पगार बुडवला. गाडी घसरली, पाय मोडला आणि टीम लीडर फोन उचलेना. मग कोणीतरी एक नंबर देते. तोवर बहुतेक वेळा निम्मा पुरावा हातचा गेलेला असतो. आयडी बंद झाली की आजवर किती ऑर्डर केल्या, किती कमावले, हा हिशेबही त्या बंद ॲपच्या आत अडकतो. गुत्तेदार बदलला की जुना हजेरीपट कुठे गेला ते कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून हा लेख नोकरी टिकून आहे तेव्हाच वाचायचा आहे. नांदेड, देगलूर, उदगीरकडून आलेल्या आणि कुकटपल्लीला किंवा मियापूरला खोली करून राहणाऱ्या मुलांसाठी तो आहे, आणि त्यांच्या गावाकडच्या आईवडिलांसाठीही. मुलगा नेमका कोणाकडे कामाला आहे, हे अनेकदा त्यांना सांगता येत नाही.

युनियन आपल्यासाठी कोणाशी भांडणार, हा पहिला प्रश्न. जुन्या हैदराबादेत याचे उत्तर सोपे होते. आझामाबादच्या कारखान्यांत, ऑल्विनमध्ये, प्रागा टूल्समध्ये एक मालक होता, एक गेट होते आणि एक मस्टर होते. मख्दूम मोहिउद्दीन आणि राज बहादूर गौड यांच्यासारख्या माणसांनी निजामाच्या राज्यात कामगार संघटना उभ्या केल्या, तेव्हा सभा कुठे घ्यायची हे त्यांना माहीत होते: पाळी सुटते तिथे. आजच्या असुरक्षित कामाला ना गेट आहे ना पाळी. मालक एक तर दोन माणसांत वाटला गेलेला आहे, किंवा कायद्याच्या कागदावर तो मुळी नाहीच, किंवा दर घरी वेगळा आहे. तुमचे काम यांतल्या कोणत्या प्रकारात बसते ते आधी ओळखा, कारण त्यावरच युनियनची चाल ठरते.

ठेक्यावरच्या कामगाराला दोन मालक असतात: पगार देणारा गुत्तेदार, आणि ज्याच्या आवारात काम चालते तो मूळ मालक. इथे युनियनचे मुख्य काम म्हणजे दुसऱ्याला पहिल्याच्या मागून बाहेर ओढणे. यासाठी मुंबईचे उदाहरण नीट पाहण्यासारखे आहे, आणि त्याचा हैदराबादशी संबंधही आहे. मुंबईत साफसफाईच्या ठेक्याची एक पद्धत ‘हैदराबाद पॅटर्न’ या नावानेच ओळखली गेली. काम स्वयंसेवी संस्थांना द्यायचे, झाडणाऱ्याला स्वयंसेवक म्हणायचे आणि पगाराला मानधन. १९७० चा ठेका कामगार कायदा वीस किंवा अधिक माणसे असली तरच लागू होई, म्हणून माणसे छोट्या तुकड्यांत दाखवणे हीही जुनी वाट होती. मिलिंद रानडे यांच्या कचरा वाहतूक श्रमिक संघाने या सगळ्याला वर्षानुवर्षे तोंड दिले. २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने कामगारांच्या बाजूने निकाल दिला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे २७०० सफाई कामगारांना महापालिकेच्या कायम सेवेत घेण्याचा मार्ग मोकळा केला.

या लढ्यातला जो भाग वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत आला नाही, तो तुमच्या उपयोगाचा आहे. निकाल लागल्यावरही अनेकांची प्रकरणे अडली ती नावांवरून. यादीत एक स्पेलिंग, आधारवर दुसरे, बँकेच्या पासबुकावर तिसरे. दहा वर्षे कचरा उपसलेल्या माणसाला मी तोच आहे हे पुन्हा सिद्ध करावे लागले. मराठी माणसाचे नाव तेलुगू कारकुनाने इंग्रजीत लिहिले की काय होते हे हैदराबादेत राहणाऱ्याला सांगायला नको. वडिलांचे नाव आधी येते, आडनाव गळते, ‘ळ’ चा ‘ल’ होतो. आधार, बँक, पीएफ आणि युनियनची पावती या चारही ठिकाणी नाव अक्षरशः एकच आहे का, हे याच आठवड्यात तपासा.

ठेक्यावर असाल तर पीएफचा यूएएन क्रमांक मागून घ्या आणि ‘उमंग’ ॲपवर दर महिन्याचा भरणा पाहत जा. त्या नोंदीत आस्थापनेचे नाव असते, आणि तुम्ही कोणाकडे कधीपासून आहात याचा सरकारी पुरावा म्हणून ती गुत्तेदाराच्या तोंडी शब्दापेक्षा कितीतरी बळकट असते. महिन्याचा पगार २१ हजारांच्या आत असेल आणि दहा किंवा अधिक माणसे काम करत असतील, तर ईएसआयचाही हक्क आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांतल्या दोन गोष्टी ठेक्यावरच्या माणसाने पाठ कराव्यात. नेमणुकीचे पत्र देणे आता बंधनकारक आहे. आणि वेतन थकले तर तीन वर्षांच्या आत दावा करता येतो, तो तुमच्या वतीने तुमची नोंदणीकृत युनियन दाखल करू शकते. गुत्तेदारासमोर एकट्याने सही करून उभे राहण्याचे धाडस होत नसेल, तर युनियनच्या लेटरहेडवरचा अर्ज हीच तुमची ढाल.

आता ॲपवरच्या कामगारांकडे येऊ. हैदराबादेत हाच प्रश्न सर्वांत गरम आहे.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगाराची व्याख्याच अशी केली की तो मालक-नोकर नात्याच्या बाहेरचा. म्हणजे किमान वेतन, ग्रॅच्युइटी, कामावरून काढण्याविरुद्धची दाद या नेहमीच्या वाटा त्याला जवळजवळ बंद. माझ्या मते हा अन्याय आहे. दर कंपनी ठरवते, रस्ता कंपनी ठरवते, शिक्षा कंपनी करते आणि तरी ती मालक नाही म्हणे. पण तो दुरुस्त होईपर्यंत थांबता येत नाही, आणि न थांबता काय करता येते हे तेलंगणा गिग अँड प्लॅटफॉर्म वर्कर्स युनियनने दाखवले आहे. तिचे अध्यक्ष शेख सलाउद्दीन स्वतः टॅक्सीचालक होते. ॲपवरच्या चालकांच्या अखिल भारतीय महासंघाचे, म्हणजे आयफॅटचे, तेच सरचिटणीस. या महासंघाने २०२१ मध्ये सामाजिक सुरक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली.

या युनियनची कामाची रीत समजून घेतली तर तिच्याकडून काय मागायचे ते कळते. जानेवारी २०२३ मध्ये बंजारा हिल्समध्ये पार्सल द्यायला गेलेला एक तरुण, अंगावर धावून आलेल्या कुत्र्यापासून वाचायला तिसऱ्या मजल्यावरून उडी टाकून मेला. कंपनीच्या लेखी तो ‘पार्टनर’ होता, नोकर नव्हता. युनियनने त्याच्या कुटुंबाच्या भरपाईचा प्रश्न जाहीरपणे लावून धरला. असे मृत्यू वर्तमानपत्रांत आणि सरकारच्या टेबलावर सतत येत राहिल्याने, २०२३ च्या डिसेंबरात मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांनी गिग कामगारांच्या बैठकीत पाच लाखांच्या अपघात विम्याची घोषणा केली. कंपनीशी करार होत नाही म्हणून युनियन सरकारकडे वळली, ग्राहकाकडे वळली, रस्त्यावर आली. ज्या कामाला कायद्याने मालक नाही, तिथे वाटाघाटीचे टेबल असे बाहेरूनच आणावे लागते.

टॅक्सीचालकांनी एप्रिल २०२४ मध्ये केलेले ‘नो एसी’ आंदोलन मला विशेष वाटते. युनियनचे म्हणणे होते की एसी लावून गाडी चालवायला किलोमीटरमागे १६ ते १८ रुपये खर्च येतो आणि हातात १० ते १२ पडतात. मग एसी बंद. गाडी चालू, धंदा चालू, घरचा दिवसाचा खर्च निघतो, पण प्रत्येक प्रवासी विचारतो, एसी का नाही? आणि प्रत्येक चालक त्याला दराचा हिशेब सांगतो. पुढच्या वर्षी मार्चमध्ये शमशाबाद विमानतळाच्या फेऱ्या नाकारण्याची मोहीम झाली. हातावर पोट असलेल्या माणसाला पूर्ण संप चार दिवस झेपत नाही. त्याच्या बेताचे हत्यार शोधणे हे चांगल्या युनियनचे लक्षण.

पूर्ण संपही झाले. २५ आणि ३१ डिसेंबर २०२५ ला देशभर ॲप बंद ठेवण्याची हाक आयफॅट आणि तेलंगणाच्या युनियनने दिली. एकतीस तारखेला कंपन्यांनी जादा इन्सेंटिव्ह देऊन मुलांना लॉगिन करायला लावले, आणि बऱ्याच जणांनी केले. त्यांना नावे ठेवू नका. वर्षातल्या सर्वांत मोठ्या कमाईच्या रात्री घरभाडे आठवतेच. पण दोन आठवड्यांत केंद्रीय श्रममंत्र्यांनी कंपन्यांशी बोलून दहा मिनिटांत माल पोहोचवण्याची जाहिरात मागे घ्यायला लावली. दर मात्र वाढले नाहीत. या दोन्ही गोष्टी लक्षात असू द्या. सगळे एका फटक्यात मिळवून देतो म्हणणाऱ्या पुढाऱ्यापासून सावध राहाल, आणि संपाने काही होत नाही म्हणणाऱ्यापासूनही.

तुमची स्वतःची आयडी बंद झाली तर काय? पहिल्या काही तासांत बंद झाल्याच्या संदेशाचा स्क्रीनशॉट घ्या, तारीख आणि वेळ दिसेल असा. ॲपवर तक्रार करा आणि तिकीट क्रमांक लिहून ठेवा. कॉल सेंटरच्या पोरीवर ओरडू नका; ती तुमच्यासारखीच ठेक्यावर असते आणि कॉल रेकॉर्ड होतो. मग युनियनकडे जा आणि चार ओळींत सांगा: कधीपासून काम, कोणत्या झोनमध्ये, काय कारण दिले, किती पैसे अडकले. बाकी सगळी हकीगत नंतर. युनियन कंपनीला पत्र देते, स्थानिक व्यवस्थापकाशी बोलते, नाही ऐकले तर श्रम खात्याकडे जाते. तेलंगणाच्या श्रम आयुक्तांचे कार्यालय आरटीसी क्रॉस रोड्सला टी. अंजय्या कार्मिक संक्षेम भवनात आहे. कामगार चळवळीतून मुख्यमंत्रिपदापर्यंत गेलेल्या माणसाचे नाव त्या इमारतीला आहे, तेव्हा आत जायला संकोच नको.

या सगळ्याला पुरावा लागतो तो आधीचा. म्हणून दर रविवारी आठवड्याच्या कमाईचा स्क्रीनशॉट काढून ॲपबाहेर ठेवा, शक्यतो घरच्या माणसाच्या फोनवर. रेट कार्ड बदलले की जुने आणि नवे दोन्ही जपा. बँक स्टेटमेंटवर कंपनीच्या जमा रकमा दिसतात, ते वर्षातून दोनदा काढून ठेवा. ई-श्रम पोर्टलवर नाव नोंदवा; वय सोळा पूर्ण आणि आधार एवढे पुरते. सामाजिक सुरक्षा संहितेप्रमाणे कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत, सामाजिक सुरक्षा निधीत टाकायचे आहेत. केंद्राने डिसेंबर २०२५ मध्ये काढलेल्या मसुदा नियमांत त्या निधीतल्या लाभासाठी वर्षात एका कंपनीकडे ९० दिवस किंवा अनेक मिळून १२० दिवस कामाची अट आहे. दिवसांची नोंद तुमच्याकडे असेल तर वाद घालता येईल.

तिसरा प्रकार नाक्यावरच्या, हैदराबादेत ज्याला लेबर अड्डा म्हणतात तिथल्या मजुरांचा, घरकामगारांचा, हमालांचा. यांना मालक रोज नवा. इथे महाराष्ट्राने फार पूर्वी एक उपाय काढला होता. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. व्यापाऱ्याने मंडळाकडे नोंदणी करायची, हमालीची रक्कम आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, आणि मंडळाने हमालाला वेतन, पीएफ, बोनस द्यायचा. मालक कोण हा वाद सोडवत न बसता पैसा जिथून वाहतो तिथेच हात घालायचा, ही त्यामागची अक्कल. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने हे मंडळ कसे राबवून घ्यायचे ते दाखवले. राजस्थानने २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी देशातला पहिला कायदा केला, तेव्हा प्रत्येक व्यवहारावर लेव्ही ही कल्पना याच घरातली होती. तेलंगणाचे विधेयकही त्याच वाटेने आले: एप्रिल २०२५ मध्ये मसुदा लोकांपुढे आला, नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केला. त्यात कल्याण निधीसाठी शुल्क आहे, मंडळ आहे, आणि आयडी बंद करण्याआधी कारणासह नोटीस देण्याची तरतूद आहे. युनियनच्या पहिल्या बैठकीला गेलात की हे विचारा: ते आता कुठवर आले, आणि मंडळावर कामगारांचा माणूस कोण? मंडळ कागदावर असून चालत नाही. माथाडी मंडळांतही लेव्ही वसूल करायला हमालांना दर पिढीत भांडावे लागले आहे.

बांधकामावर असाल तर वेगळे मंडळ आहे. वय १८ ते ६० आणि गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामाचे काम केलेले असले की नोंदणी होते, आणि त्यासाठी तेलंगणाचे मूळ रहिवासी असण्याची गरज नाही. मुकादम म्हणतो म्हणून गावाकडेच नाव राहू देऊ नका. काम जिथे, हक्क तिथे मागा.

युनियन निवडायची कशी? नोंदणी क्रमांक विचारा. नोंदणीकृत युनियन वार्षिक हिशेब सरकारला सादर करते आणि ते हिशेब पाहण्याचा सभासदाला अधिकार असतो. असंघटित क्षेत्रातल्या युनियनमध्ये निम्मे पदाधिकारी प्रत्यक्ष त्या कामातले असावे लागतात. कार्यकारिणीत किती जण आजही गाडी चालवतात, झाडू मारतात, ते पाहा. कोणत्या पक्षाशी जोडलेली आहे हे उघड विचारा. संलग्न असणे गुन्हा नाही, सीटू आणि आयटकसारख्या महासंघांचे वकील आणि अनुभव कामाला येतात. पण निवडणुकीपुरती जागी होणारी युनियन ओळखू येते. वर्गणी पावतीवरच द्या. १९२६ च्या कायद्याने असंघटित कामगारासाठी किमान वर्गणी वर्षाला ३ रुपये ठेवली होती, म्हणजे गरिबीमुळे कोणी बाहेर राहू नये हा हेतू. तुमचे अडकलेले पैसे सोडवून दिले तर त्यातला हिस्सा मागणारी संघटना युनियन नव्हे, दलाली आहे. तिथून उठून या.

बायकांनी आणखी एक पाहावे. ब्युटिशियन म्हणून ॲपवर काम करणाऱ्या स्त्रियांनी २०२३ मध्ये अनेक शहरांत आयडी बंद करण्याविरुद्ध निदर्शने केली, तेव्हा त्यांचे प्रश्न पुरुष चालकांपेक्षा निराळे निघाले: अनोळखी घरात एकटीने जाणे, प्रसूतीच्या रजेत रेटिंग घसरणे, स्वच्छतागृह. तुमच्या युनियनमध्ये हे ऐकणारी बाई पदावर आहे का? नसेल तर ती जागा मागा. अहमदाबादेत १९७२ मध्ये इला भट्ट यांनी सेवा ही संघटना नोंदवायला नेली, तेव्हा श्रम खात्याने मालकच नाही तर युनियन कशाला, असा आक्षेप घेतला होता. युनियन ही कामगारांच्या एकीसाठी असते, मालक असणे ही तिची अट नाही, हे त्यांनी खात्याला पटवून दिले. आज ॲपवर राबणाऱ्यांची प्रत्येक संघटना त्या नोंदणीच्या ऋणात आहे.

आणि जवळपास एकही युनियन तुमच्या कामाची नसेल, तर सात जणांनी मिळून नोंदणीचा अर्ज करता येतो. त्या ठिकाणच्या दहा टक्के किंवा शंभर कामगारांचे, यांत जे कमी असेल तेवढ्यांचे, सभासदत्व लागते. नियमावली लिहावी लागते, खाते उघडावे लागते. शंभर जण जमवणे सर्वांत अवघड आहे, आणि ते व्हॉट्सॲप गटाने होत नाही. गटात टीम लीडरही असतो, हे गृहीत धरा. संपाची तारीख, कोण पुढाकार घेतो ते गटावर लिहू नका. ढाब्यावर, हॉटेलबाहेर ऑर्डरची वाट पाहताना, पेट्रोल पंपावर समोरासमोर बोला. सभा दक्खिनीत होऊ द्या. तेलुगू, उर्दू, मराठी, ओडिया सगळ्यांना ती समजते. तेलुगूतला कागद मात्र कोणाकडून तरी शब्दशः वाचून घेतल्याखेरीज सही करू नका.

राहिले गावाकडचे. सभासदाचा फॉर्म भरताना वारसाचे नाव, तिचा किंवा त्याचा बँक खाते क्रमांक आणि चालू फोन नंबर लिहा, आणि तेच नाव विम्याच्या व ई-श्रमच्या नोंदीत आहे का ते पाहा. अपघात रस्त्यावर झाला तर पोलिसांचा एफआयआर आणि इस्पितळाची कागदे यांवर ‘कामावर असताना’ हे यायला हवे, म्हणून त्या वेळी सुरू असलेल्या ऑर्डरचा स्क्रीनशॉट सोबतच्या मित्राने लगेच घ्यावा. युनियनच्या पदाधिकाऱ्याचा नंबर आईच्या, बायकोच्या फोनमध्ये तुमच्या नावाआधी येईल अशा रीतीने साठवून द्या, आणि एकदा त्यांच्याकडून त्याला फोन लावून ओळख करून द्या.